टपावरच्या स्की : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न स्कीचे आहेत. साहजिकच आहे म्हणा, आपली मुलं आता शाळेच्या स्की क्लबमध्ये जायला लागलीत, सीझनभरासाठी भाड्याने किंवा सेकंडहँड घेतलेल्या स्की घरात येऊन पडतात आणि मग शुक्रवारी रात्री प्रश्न पडतो की ही एवढी लांब वस्तू गाडीतून न्यायची कशी. त्यातले पाच प्रश्न निवडलेत. नावं छापत नाही, फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, आमची सुबारू आउटबॅक आहे, टपावरच्या रेलमधूनच फिरवून आडवे लावायचे क्रॉसबार तिला कंपनीचेच आहेत. त्यावर सहा जोड्यांचा क्लॅम्पवाला रॅक घेतला, बसला पण छान. पण माझ्या स्की जरा रुंद आहेत आणि त्या ठेवून वरचा दांडा बंद केला की बाइंडिंगची, म्हणजे स्कीवर बूट अडकवायच्या पकडीची, टाच टपाला टेकते, मुलीच्या स्कीला काही होत नाही. रॅक परत करू का उंच करून घेऊ? नवरा म्हणतोय क्रॉसबारला भोक पाडून लांब बोल्ट टाकू. — ऑरोरा, कोलोरॅडो

उत्तर : भोक पाडू नका, बाकी सगळं नंतर. क्रॉसबार आतून पोकळ असतो आणि वाऱ्याचा, वजनाचा सगळा ताण तोच घेतो, त्यात भोक पाडलं की तिथूनच तो कमजोर होतो आणि तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर जे मॅग्नेशियम क्लोराईडचं मीठ मारतात त्याचं पाणी त्या भोकातून आत जाऊन बसतं, बाहेरून तुम्हाला काही दिसणार पण नाही. घरी रॅकमध्ये जो काही बदल करायचा तो क्रॉसबार आणि क्लॅम्प यांच्या मधल्या जागेत करायचा. क्रॉसबारमध्ये नाही आणि टपात तर नाहीच नाही, हे कुठल्याही गाडीला लागू आहे.

आता टेकतं का ते बघू. आपण जोडी तळाला तळ लावून ठेवतो, म्हणजे एका स्कीचं बाइंडिंग वर तोंड करून आणि दुसरीचं खाली तोंड करून. खालचं जे असतं त्याची टाच हा सगळ्यात उंच भाग, तो दोन क्रॉसबारच्या मधे लोंबतो. तुमच्या गाडीचे ते फिरणारे क्रॉसबार टपाच्या फार जवळ असतात, त्यामुळे मोठ्यांचं बाइंडिंग आलं की जागा संपते. टेकलेलं तसंच ठेवून निघू नका, रस्त्यावर गाडी सारखी थरथरत असते आणि संध्याकाळपर्यंत रंग उडून खाली पत्रा दिसायला लागतो.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटचे उपाय करून बघा. टप मधे फुगीर असतो आणि कडेला उतरता, क्रॉसबार मात्र बऱ्यापैकी सरळ, म्हणजे कडेच्या जागेत खाली जास्त मोकळं मिळतं, तुमची जोडी कडेला घ्या आणि मुलीची मधे. तेवढ्याने भागलं नाही तर तुमच्या स्की जोडीने न ठेवता एकेक सपाट ठेवा, तळ खाली आणि बाइंडिंग वर, म्हणजे टपाकडे काही लोंबतच नाही. जागा दुप्पट जाते हे खरं, पण सहा जोड्यांच्या रॅकमध्ये तिघांच्या स्की अशा सहसा बसतात. तुम्ही घरातली माणसं किती ते लिहिलं नाहीये, तिघं असाल तर माझ्या मते इथेच काम संपलं.

तरी उंच करायचंच असेल तर आधी रॅकच्या कंपनीचाच उंची वाढवायचा किट मिळतो का ते विचारा, बऱ्याच मॉडेलना मिळतो, आणि तो मिळत असेल तर घरी खटपट करण्यात अर्थ नाही. नाहीच मिळाला तर मग घरी, पण नीट. रॅकचा पाय ज्या बोल्टवर बसतो तो काढून हातात घ्या, त्याची जाडी आणि आटे बघा, साधारण ६ किंवा ८ मिलिमीटरचा निघतो. क्लॅम्पच्या पायाएवढाच लांबरुंद ठोकळा घ्यायचा, ॲल्युमिनियमचा किंवा जाड कडक प्लास्टिकचा, लाकूड नको कारण ते पाणी पितं आणि गोठून तडकतं. ठोकळा जेवढा जाड तेवढाच बोल्ट लांब, आटे तेच, स्टेनलेसचा, आणि नट आतून नायलॉनची रिंग असलेला म्हणजे थरथरीने सुटत नाही. घट्ट केल्यावर बोल्टचे दोन-तीन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत. स्टेनलेसला टेकलेलं ॲल्युमिनियम मिठाच्या पाण्यात गंजतं आणि वर्षाने बोल्ट हलतच नाही, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावायचं, आणि ठोकळ्याखाली पातळ रबर ठेवायचं. एका इंचापेक्षा जास्त उंच करू नका. क्लॅम्प जेवढा वर जातो तेवढा बाजूच्या वाऱ्याचा रेटा त्याच्या पायाला जास्त पिळतो, दोन-अडीच इंच ठोकळे लावलेला रॅक हाताने हलवून बघितला तरी कळतं. आणि घरी केलेल्या बदलाने रॅकची वॉरंटी जाऊ शकते हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

अजून दोन गोष्टी. स्कीची टोकं मागे आणि शेपट्या पुढे ठेवा, वर वळलेलं टोक पुढे असलं की त्याच्या खाली हवा शिरते आणि ते उचलायला बघते. पण टोकं मागे गेली की डिकीचं दार वर उघडताना त्यांच्यावर आपटतं, विशेषतः बटणाने उघडणारं असेल तर ते थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्यांदा स्की लावल्या की एकानं दाराला हात लावून धरायचं, हळू उघडायचं, आणि आपटत असेल तर स्की तेवढ्या पुढे सरकवायच्या. दुसरं, पार्किंगमधून निघून अर्धा-पाऊण तास झाला की एकदा थांबून सगळे नट हाताने बघायचे, नवीन रबर दबतं आणि पकड ढिली होते.

आणि तुम्ही आय-७० वरूनच जाणार म्हणून सांगते, मॉरिसन ते डॉटसेरोच्या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचा नियम लागू असतो, टायरच्या नक्षीची खोली ३/१६ इंच हवी आणि टायर पण बर्फाला चालणारे हवेत, नाहीतर चेन किंवा तसलं साधन गाडीत पाहिजे. एवढं रॅकचं करताय तर टायर पण मोजून घ्या.

प्रश्न : आमची कॅमरी आहे, टपावर रेल वगैरे काहीच नाही. वर्षात दोन-तीनदाच जातो, पोकोनोजला किंवा फार तर व्हरमाँटला. ऑनलाइन चुंबकवाले रॅक स्वस्तात दिसतात आणि दारातून पट्टा घालून बांधायच्या फोमच्या गाद्या पण दिसतात. काय घ्यावं? दोघं आणि दहा वर्षांचा मुलगा. — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुम्ही काहीच घेऊ नका असं माझं मत आहे, निदान या वर्षी तरी. मागच्या सीटची मोठी बाजू सोडून छोटी बाजू पाडा, डिकीतून तीन जोड्या आत सारा, मुलगा उरलेल्या बाजूला बसेल. मोठ्यांच्या स्की साधारण १६० ते १८० सेंटिमीटरच्या असतात, त्या डिकीतून पुढच्या सीटच्या मधल्या फटीपर्यंत सहसा जातात. मात्र त्या बांधल्याशिवाय निघायचं नाही. जोरात ब्रेक मारला तर सुट्या स्की सरळ पुढे येतात आणि मधे तुमचं कोपर आणि गिअर आहे. तिन्ही जोड्या एका पिशवीत घालून डिकीत सामान बांधायला कड्या असतात त्यांना पट्टा लावा. येताना ओल्या असतात तर खाली जुनी चादर, आणि स्कीच्या पोलादी धारेला हात कापतो त्यामुळे मुलाच्या बाजूला धार नको.

चुंबकाचं म्हणाल तर ते फक्त लोखंडी पत्र्याला धरतं. टप काचेचा असेल तर नाही, ॲल्युमिनियमचा असेल तरी नाही. आणि लोखंडी असला तरी पत्रा अगदी स्वच्छ आणि कोरडा हवा, मधे मीठ-वाळूचा थर राहिला की एक तर पकड कमी आणि वर रंगावर ओरखडे. तुमच्याकडच्या हिवाळ्यात गाडी स्वच्छ आणि कोरडी कधी असते सांगा. हायवेच्या स्पीडला माझ्या मागच्या गाडीवर कुणाची स्की येऊन पडू नये म्हणून मी चुंबकवाला रॅक कुणालाच सुचवत नाही. फोमच्या गाद्या त्यापेक्षा बऱ्या, कारण निदान पट्टा दारातून आत येऊन बांधलेला असतो, पण पाऊस आला की पाणी पट्ट्यावरून आत ठिबकतं आणि पट्ट्याचा ताण सारखा बघावा लागतो. पट्टा आत आणताना त्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्याने तो फडफडून भोंग्यासारखा आवाज करणार नाही.

पुढे मुलगा रेसिंगला वगैरे गेला आणि दर वीकेंडला जायला लागलात तर मग रेल नसलेल्या टपाचे क्रॉसबार घ्या, थुली, याकिमा दोघांचेही मिळतात. त्यांचे पाय दाराच्या वरच्या चौकटीला धरतात आणि त्याच्यासाठी तुमच्या गाडीच्या मॉडेलचा, वर्षाचा वेगळा किट लागतो. इथेच लोक पैसे वाचवायला जातात, की दुसऱ्याच्या अकॉर्डचा किट होता तोच बसवला. बसल्यासारखा वाटतो पण चौकटीच्या वळणाला चपखल बसत नाही. सेकंडहँड पाय आणि बार खुशाल घ्या, किट मात्र तुमच्या गाडीचाच.

प्रश्न : ताई, टेस्ला मॉडेल वाय आहे, टप पूर्ण काचेचा. लेक टाहोला जाताना टपावर रॅक लावला की रेंज किती जाते याची धास्ती वाटते. मित्र म्हणतो मागे हिचला, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडणीला लाव. हवा काढून रबरी कपाने काचेला चिकटणारे व्हॅक्यूमवाले रॅक पण बघितले. — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : व्हॅक्यूमचं नाव आधी बाजूला काढू. खाली फ्रीमाँटला बसवलेला कप वर डॉनर पासच्या घाटात सात हजार फुटांवर, गोठणाऱ्या थंडीत जातो, रबर कडक होतं, हवेचा दाब बदलतो, आणि आत हवा शिरली हे चालवताना तुम्हाला कळणार कसं? काचेवर एवढा भरवसा ठेवायला मी तयार नाही.

तुम्ही चौघं किंवा कमी असाल तर तुमच्या गाडीत सोपा रस्ता आहे, मागच्या सीटची मधली पट्टी वेगळी पडते, तिथून स्की आत जातात आणि दोघं दोन्ही बाजूला आरामात बसतात. रेंजला धक्का नाही. एडिसनच्या वाचकांना सांगितलं तसं बांधून न्या फक्त.

टपावर लावायचंच तर गाडीला काचेच्या कडेने क्रॉसबार लावायच्या ठरलेल्या जागा आहेत, तिथेच आणि त्या गाडीसाठीचेच बार लावा. रेंज कमी होणार हे नक्की, किती ते स्पीडवर आणि थंडीवर ठरतं, म्हणून पहिल्या ट्रिपला चार्जरचा थांबा जरा आधीचा धरा. सगळ्यात जास्त फरक तुम्हाला घरी आल्यावर करता येतो, रॅक काढून ठेवायचा. रिकामा रॅक घेऊन आठवडाभर ऑफिसला जाणारे भरपूर लोक आहेत, वारा त्याला पण लागतोच.

हिचवर लावायचा फायदा खरा आहे, वारा कमी, उंच उचलायला नको, बुटक्या माणसाला तर वरदानच. रिसीव्हर, म्हणजे रॅक आत सारायचं हिचचं चौकोनी तोंड, २ इंची आहे का १.२५ इंची ते बघून रॅक घ्यायचा, आणि सायकलचा हिच रॅक घरात असेल तर त्याच्यावर बसणारे स्कीचे आडवे हात वेगळे मिळतात, म्हणजे पूर्ण नवीन रॅक नको. पण मागे लावलं की चाकांनी उडवलेला सगळा राडा, चिखल, मीठ, ते थेट बाइंडिंगवर येऊन बसतं, टपावर हे बरंच कमी असतं. म्हणून निदान बाइंडिंगपुरतं कव्हर घाला. नंबरप्लेट, मागचे दिवे झाकले जात नाहीत ना ते बघा. पार्किंग सेन्सर सारखे बोंबलतील आणि मागच्या कॅमेऱ्यात फक्त स्कीच दिसतील. पिनला लॉक लावा आणि रिसीव्हरमधली खडखड थांबवायला घट्ट करायचा बोल्ट असलेला रॅक घ्या, दोन तास ती खडखड ऐकवत नाही. आणि हो, हे वाचणाऱ्या पेट्रोलवाल्यांसाठी, स्कीची टोकं एक्झॉस्टच्या तोंडासमोर येत नाहीत ना ते बघा, गरम हवेने स्कीचा तळ आणि चिकटवण खराब होतं.

आय-८० वर चेन कंट्रोल, म्हणजे बर्फामुळे टायरना चेन लावायचा नियम, लागलं आणि पाटीवर आर-२ आलं तर ऑल व्हील असली तरी चारी टायर बर्फाचे हवेत आणि चेन गाडीत ठेवावीच लागते, त्या चेनची पिशवी स्कीखाली गाडून टाकू नका, वर ठेवा.

प्रश्न : रॅक घ्यावा का बंद बॉक्स? ब्लू माउंटनला दर शनिवारी जातो. काँडोत राहतो. — टोरोंटो

उत्तर : काँडोत राहता हे लिहिलंत ते बरं केलंत. आधी खाली बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी असते ती वाचा, मग टेप घेऊन गाडीची उंची, त्यात क्रॉसबार आणि बॉक्स मिळवा. एसयूव्हीवर बॉक्स चढवला की बरेचदा आकडा पाटीच्या वर जातो, आणि मग दर शनिवारी बॉक्स काढा-घाला, तो एकट्याने उचलायची वस्तू नाही, ठेवायचा कुठे हाही प्रश्न. अशा वेळी चपटा क्लॅम्पवाला रॅक बरा. पाटीत बसत असेल तर मात्र मी बॉक्सच घेईन, मिठापासून सगळं वाचतं आणि बाकी सामान पण जातं. बॉक्सची आतली लांबी बघा, बाहेरची नाही, आणि तुमची सगळ्यात लांब स्की मोजून घेऊन दुकानात जा. बूट बॉक्समध्ये नको, गाडीत पायाशी ठेवा, गारठलेल्या प्लास्टिकच्या बुटात पाय घालताना मुलं रडतात.

वजनाचं या निमित्ताने सगळ्यांसाठीच लिहिते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाचा आकडा असतो, क्रॉसबारला त्याचा आकडा असतो, बॉक्स किंवा रॅकला त्याचा, आणि या तिघांतला सगळ्यात छोटा तो तुमचा. क्रॉसबारचा बरेचदा ७५ किलो असतो पण गाडीचा त्याहून कमी निघू शकतो. चालत्या गाडीचा आकडा बघायचा, उभ्या गाडीचा वेगळा आणि बराच मोठा असतो, तो टपावर तंबू ठोकणाऱ्यांसाठी. शिवाय बॉक्सचं आणि बारचं स्वतःचं वजन पण त्याच आकड्यात धरायचं. एक जोडी बाइंडिंगसकट ५ ते ७ किलो. चार जोड्या म्हणजे अठ्ठावीस धरा, बॉक्स पंचवीसेक, बार सहा-सात, झाले साठ. म्हणजे त्यात आणखी बॅगा कोंबायला फारशी जागा उरलेली नाही.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला जातोय. एकाकडे स्वतःच्या स्की आहेत, अमेरिकेतून आणलेल्या. श्रीनगरहून टॅक्सीच्या टपावर न्यायच्या तर काय करायचं? आपल्याकडे एखादा फोल्डिंग रॅक घेऊन जावा का? — पुणे

उत्तर : रॅक बिक काही नेऊ नका. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर, आणि बर्फ जास्त असला की टंगमर्गला गाडी बदलावी लागते, वरचे तेरा किलोमीटर चेन लावलेल्या गाडीने जायचं. म्हणजे रॅक लावायचा, काढायचा, परत लावायचा, ते पण दुसऱ्याच्या गाडीवर. तिथल्या सुमोच्या टपावर लोखंडी कॅरिअर असतंच, काम त्याच्यावरच करायचं.

तुम्ही इथून न्यायचं ते म्हणजे जाड अस्तराची स्की बॅग, जी विमानासाठी लागणारच आहे, आणि बकल दाबून घट्ट करायचे दोन-तीन चांगले पट्टे, ट्रेकिंगच्या दुकानात मिळतात. बॅगेत घालायच्या आधी जोडीच्या दोन्ही टोकांना बांधून घ्या म्हणजे आत घासणार नाहीत. ड्रायव्हरकडे नायलॉनची दोरी असते आणि तो एका मिनिटात गाठ मारून देतो, त्याला नको म्हणायची गरज नाही पण ती दोरी उघड्या स्कीवर बांधू देऊ नका, एक तर स्कीची पोलादी धार दोरी कापते आणि ओली झाली की नायलॉन ताणून ढिलं पडतं. बॅग कॅरिअरवर आडवी नको, गाडीच्या लांबीत ठेवा, टोकं मागे. दोन पट्टे बाइंडिंगच्या पुढे आणि मागे, बॅगेवरून घेऊन कॅरिअरच्या पाइपखालून परत वर, म्हणजे बॅग पाइपला आवळली जाते. तिसरा पट्टा बॅगेच्या पुढच्या कडीतून कॅरिअरच्या पुढच्या दांड्याला. बॅग पुढच्या आडव्या दांड्याला भिडवून ठेवा, म्हणजे ब्रेक लागला तरी पुढे घसरायला जागा नाही, आणि चढावर मागे सरकायला तो तिसरा पट्टा अडवतो. बाकीच्या बॅगा स्कीवर रचू देऊ नका, बाजूला. टंगमर्गला गाडी बदलताना हे सगळं परत स्वतःच्या हाताने करा, घाई असते तिथे, पण पाच मिनिटं ड्रायव्हर थांबतो.

बाकी तिघांनी तिथेच भाड्याने घ्या, गुलमर्गमध्ये मिळतात, फक्त बाइंडिंगची सेटिंग तुमच्या वजनाप्रमाणे आणि बुटाप्रमाणे समोर करून घ्या. आणि ज्याच्या स्वतःच्या आहेत त्याने पुण्याला परत आल्यावर बॅग तशीच माळ्यावर टाकू नये, स्की बाहेर काढून, पुसून, धारेला हलकं तेलाचं बोट फिरवून मगच ठेवाव्यात. दमट बॅगेत आठवड्याभरात गंज चढतो.